चेंडू अनसाबाईकडं

पुन्हा मलाच सांगायला लावता. ऐका मग, नि मधे बोलू नका.

सरपंच रंगराव भोईटे जळत होता. त्याची बायको अनसाबाई समाजमंदिरात बायकांच्या शरीरओळख शिबिराला जायची नि हसत घरी यायची. त्याच्यापुढं ती अशी कधी हसली नव्हती. शिबिर बंद पाडायला तो माणसं घेऊन आत घुसला.

तिथं खेळ चालला होता. चेंडू जिच्याकडं येईल तिनं न लाजता एका अवयवाचं नाव घ्यायचं. चेंडू अनसाबाईकडं होता नि तिनं नुकतंच एक नाव घेतलं होतं.

"असली नावं चारचौघांत घेतेस?" म्हणत रंगरावानं सणसणीत शिवी हासडली.

अनसाबाई म्हणाली, "अहो, तेच नाव आत्ता तुम्हीही घेतलंत. आम्ही ते कुणाच्या आईला न लावता घ्यायला शिकतोय."

त्याचीच माणसं आधी हसली. शिबिर चालू राहिलं. बायकोची त्यानं माफी मागितली म्हणे. पण समाजमंदिराची किल्ली माझ्याकडं, म्हणून ती माझ्यामुळंच हसते या संशयानं त्यानं आधी माझीही गचांडी धरली होती. त्याची माफी मागायचा अजून राहिलाय, रंगराव भोईटे.