अशीच दुसरी दाखवा

चिंचोली गावात पिठाच्या गिरणीवर एक भोळा माणूस बसायचा. त्याचं नाव सदोबा. भोळा म्हणजे किती भोळा? "दळणाकडे लक्ष ठेव रे, मी आलेच," असं म्हणून कुणी बाई गेली, की हा डबा समोर घेऊन त्याच्याकडे टक लावून बसायचा. दळायचा नाही. दळायला कुठे सांगितलं होतं?

सदोबाला लहानपणापासून यमुनाआत्यानं वाढवलं होतं. आत्या आता सत्तरीची झाली होती, तोंडाचं बोळकं झालं होतं, आणि तिला एकच घोर लागला होता. सदोबा पस्तिशीला टेकला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. आपल्यामागे याला समजून घेणारं कोणीतरी हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

तसा सदोबा अगदीच बिनकामाचा नव्हता. त्यानं गिरणीत बसून मोबाइलवर कोरिया, चीन, जपान, थायलंड असं सगळं पालथं घातलं होतं. हिंदी बोलणाऱ्या तिकडच्या झाडून सगळ्या मालिका आणि सिनेमे त्याला तोंडपाठ होते. बिचाऱ्यानं तालुक्याचं एसटी स्टँड नीट पाहिलं नव्हतं. पण कोरियातल्या कुठल्या पुलावर कोण कुणाची वाट बघत भिजलं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा.

आणि गावच्या पापड मंडळाला नेमकं तेच हवं होतं. मंडळाच्या शेडमध्ये टीव्ही होता. बायका उडदाचे पापड लाटता लाटता कोरियन मालिका बघायच्या. नायक-नायिका भांडले की पापड कागदासारखे पातळ व्हायचे. ती दोघं जवळ आली की लाटणी थांबायची आणि पापड पुरीएवढे जाड राहायचे. पण एक मालिका संपली की पुढची कुठली, यावर रोज वाद व्हायचा.

आत्यानं डोकं चालवलं. "सदोबा, मंडळातल्या बायकांचे पाहुणे सगळ्या पंचक्रोशीत आहेत. तू त्यांना चांगल्या मालिका सुचव. त्या तुला चांगली मुलगी सुचवतील."

सदोबा निघाला. शेडमधली मालिका कालच संपली होती. बायका म्हणाल्या, "सदोबा, फार गोड होती रे. अगदी तशीच दुसरी लाव."

सदोबानं लावली. बायका लाटायला बसल्या. अर्धा भाग झाल्यावर शेवंताकाकूंनी लाटणं खाली ठेवलं. "अगं बाई, हा मेला याच पुलावर मागेही उभा होता की!"

सदोबानं तीच मालिका पहिल्यापासून लावली होती. "तुम्हीच म्हणालात, अगदी तशीच. हिच्याइतकी हिच्यासारखी दुसरी कुठली असणार?"

आत्याला कळलं. तिनं कपाळाला हात लावला. "अरे माझ्या राजा, तशीच म्हणजे तीच नव्हे! आधी विचारावं, तुम्हाला त्यातलं काय आवडलं? मग ते जिच्यात आहे ती द्यावी."

सदोबाच्या गळ्यात पिठानं माखलेला पंचा असायचा. विसरायला नको म्हणून त्यानं पंच्याला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवंताकाकूंनाच विचारलं, "काकू, तुम्हाला काय आवडलं?"

काकू लाजल्या. "तिला ताप येतो आणि तो तिला तांदळाची पेज भरवतो बघ. आमच्या ह्यांनी कधी पाणी विचारलं नाही रे."

"पेज," सदोबा म्हणाला. त्यानं विचार केला. जिच्यात पेजच पेज आहे असा एक सिनेमा त्याला ठाऊक होता. लावला. त्यात एक सून होती. ती पेजेत विष घालून सासरची आठ माणसं एकेक करून संपवत होती. पाचव्या वाडग्याला काकू पीठ तसंच टाकून घरी पळाल्या. त्यात नेमका त्यांना ताप भरला. सुनेनं मायेनं पेज केली, तर काकूंनी ती आधी सुनेला प्यायला लावली. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

"अरे, नुसती पेज काय बघतोस!" आत्या ओरडली. "शेवटी काय होतं, कोण मरतं, कोण जगतं, ते आधी सांगावं. माणसाच्या मनाची तयारी होते."

सदोबानं दुसरी गाठ मारली.

तेवढ्यात निवृत्त झालेले जगदाळे मास्तर गिरणीवर आले. मास्तरांना जपानी खुनांचं वेड. वही घेऊन बसायचे आणि संशयितांची नावं लिहायचे. "सदोबा, डोक्याला ताण देणारी एखादी सांग बुवा."

"आहे ना मास्तर. चौदा भागांची आहे. खून माळ्यानं केलेला असतो. तेराव्या भागापर्यंत सगळे डॉक्टरच्या मागे लागतात, ते उगाच. मनाची तयारी ठेवा."

मास्तर दळण न घेताच गेले. पुढच्या खेपेपासून त्यांनी शेजारच्या गावात दळायला सुरुवात केली.

आत्यानं आता सदोबाचे दोन्ही खांदे धरले. "शेवट कधी, कधी, कधी सांगायचा नाही! कोणी कितीही खोदून विचारलं, तरी 'पुढे कळेलच' म्हणायचं आणि गप्प बसायचं."

तिसरी गाठ.

पापड मंडळाच्या अध्यक्ष अनसूयावहिनी. बाई मनानं मोठी. तिला वाटलं, हा बिचारा सगळ्यांना सुचवतो, याला कोणी सुचवत नाही. तिनं सदोबाला चहाच्या मळ्यातला एक चिनी सिनेमा सांगितला. स्वतःला रडू फुटलं होतं तो. सदोबानं बघितला. त्यालाही रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हौसेनं विचारलं, "काय, कसा वाटला?"

सदोबा म्हणाला, "पुढे कळेलच." आणि गप्प बसला.

वहिनी अर्धा तास थांबल्या. मग तोंड पाडून गेल्या. आत्यानं हे ऐकलं आणि ती मटकन खालीच बसली. मंडळाची अध्यक्षच रुसली, म्हणजे लग्नाचं नाव सोडा.

"ऊठ! आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "कोणी आपल्याला प्रेमानं काही दाखवलं, तर त्याचं मन राखावं. म्हणावं, फार आवडलं, अशीच दुसरी असली तर तीही दाखवा."

सदोबानं चौथी गाठ मारली, धावत गेला आणि शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणाला. आणि काय सांगावं, लागू पडलं! वहिनींचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, "सदोबा, माझी भाची आहे. वसुमती. तिलाही तुझ्यासारखंच या मालिकांचं वेड आहे. बघायला येतोस?"

रविवारी सदोबा आणि आत्या मुलगी बघायला गेले. वाटेत आत्यानं दहा वेळा बजावलं, "आज शहाण्यासारखा वाग. मी शिकवलेलं सगळं आठव." सदोबानं स्वच्छ धुतलेला पंचा चाचपून पाहिला. चारही गाठी जागेवर होत्या.

वसुमतीनं पोहे आणले. तिचे वडील, गणपतराव, जरा करड्या आवाजाचे. त्यांनी विचारलं, "गिरणीचं पुढे काय करायचा विचार आहे?"

सदोबानं तिसरी गाठ चाचपली. "पुढे कळेलच."

गणपतरावांना वाटलं, मुलगा मोजकं बोलणारा दिसतो. त्यांनी मान हलवली. आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

मग वसुमतीच म्हणाली, "मी एक विचारू? तुम्हाला इथं काय आवडलं?"

हा तर सदोबाच्याच पहिल्या गाठीतला प्रश्न. तो लगेच म्हणाला, "आत्याच्या बशीत शेंगदाणे नव्हते. बाकी सगळ्यांच्या बशीत होते. तिला दात नाहीत हे तुम्ही दारातच बघितलंत आणि वेचून काढलेत. मला ते आवडलं."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती हीच, हे तिला आतून कळलं. गणपतरावांचा करडा आवाजही जरा मऊ झाला. ते म्हणाले, "मग काय सदोबा, मुलगी आवडली म्हणायची?"

आत्यानं देवाला हात जोडले. सदोबानं चौथ्या गाठीला हात घातला.

"फार आवडली," तो मनापासून म्हणाला. "अशीच दुसरी असली तर तीही दाखवा."

गणपतरावांच्या हातातली बशी कलली. पोहे सतरंजीवर सांडले. आत्यानं डोळे मिटले आणि घट्ट मिटूनच ठेवले.

हसली ती फक्त वसुमती. आधी ओठ दाबून, मग पदर तोंडात धरून, मग खांबाला टेकून ती हसली. डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, "अशी दुसरी नाही हो. आवडली असेल, तर हीच परत पहिल्यापासून बघावी लागेल."

सदोबा गोंधळला. त्यानं पंचा पुढे केला. "आत्या, मग ती 'तशीच म्हणजे तीच नव्हे'वाली पहिली गाठ सोडू का?"

"सोड बाबा," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "सगळ्याच सोड."

सदोबानं चारही गाठी सोडल्या. उठला. ओसरीवर गेला, चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला, वळला, परत आला, चपला काढल्या आणि उंबऱ्यात उभा राहून हात जोडून म्हणाला, "नमस्कार. मी चिंचोलीचा सदोबा. मुलगी बघायला आलोय."

वसुमती आत गेली आणि तिनं पुन्हा पोहे भिजवायला घेतले.