मागे राहणाऱ्यांच्या मस्तकावर

एकदा एका ख्रिस्ती मंडळीने आपला एक माणूस डोंगरात पाठवला आणि ती त्याला विसरली. विसरली म्हणजे, दर रविवारी त्याचे नाव घेऊन विसरली. असे विसरणे फार सोपे असते. तुम्हाआम्हाला ते चांगले जमते, म्हणून ही गोष्ट सांगतो.

त्या माणसाचे नाव शांतवन. तालुक्याच्या गावी त्याचे शिवणकामाचे लहानसे दुकान होते. ते त्याने बंद केले, पत्नी रिबका हिला बरोबर घेतले आणि दूरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर तो सुवार्तेच्या सेवेसाठी गेला. मुलांना अक्षरे शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, ऐकेल त्याला प्रभूचे वचन सांगायचे, एवढेच त्याचे काम. निरोपाच्या दिवशी मंडळीच्या वृद्ध पाळकांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला सेवेस नेमले. त्या पाळकांना सारे आबा म्हणत. हार झाले, फोटो झाले, बायकांनी डोळे पुसले. बसपर्यंत पोचवायला सगळी मंडळी लोटली होती.

मग पुढे काय झाले? पुढे काही झाले नाही. दर रविवारी बेन्यामीन मास्तर प्रार्थनेला उभे राहत. निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत. "हे दयाळू पित्या, डोंगरात सेवा करणारे आमचे बंधू शांतवन यांना उत्तम आरोग्य दे, त्यांच्या हातांना बळ दे." मंडळी म्हणे, आमेन. मग लोक बाहेर पडत, चपला शोधत आणि मटणाच्या दुकानापुढे रांग लावत. मी थट्टा करत नाही. त्या रांगेत मीही असतो.

पावसाळा आला आणि गेला. नाताळ महिनाभरावर आला असताना एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर एक बाई चर्चमध्ये आली आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. अंगात काही राहिले नव्हते तिच्या. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. कुणी तिला ओळखले नाही. बेन्यामीन मास्तरांनी नेहमीप्रमाणे प्रार्थना केली, शांतवनसाठी आरोग्य मागितले. आमेन होईपर्यंत ती बाई डोळे मिटून बसली. मग उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "ते गेले."

"कोण गेले, बाई?"

"हेच. ज्यांच्यासाठी आत्ता आरोग्य मागितलंत ते. मी रिबका. ऐन पावसात गेले ते. हिवताप झाला होता."

रिबकाने कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, निदान कुणाला उलट बोलता तरी आले असते. तिने सरळ सांगितले. ओढ्याला पूर होता. पाड्यावरच्या लोकांनी शांतवनला झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणले आणि तिथून परत नेले. त्याला पुरल्यावर तीही अंथरुणाला खिळली. आता कुठे चालता येऊ लागले, म्हणून ती सांगायला आली होती.

"रविवारी उपासनेच्या वेळेला ते हातातलं काम थांबवायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, रिबका, आत्ता आपलं नाव निघालं असेल बघ. शेवटी ताप डोक्यात गेला तेव्हा सारखे विचारायचे, आज वार कोणता? मी म्हटलं, मंगळवार. तर म्हणाले, मग रविवार लांब आहे."

बेन्यामीन मास्तर आपल्या जागेवर जाऊन बसले. आणि तेवढ्यात मधल्या बाकावरून कुणीतरी हुंदका दिला. तो दौलत होता, एसटीचा ड्रायव्हर. त्याची गाडी ज्या थांब्यावरून परत फिरते, तो थांबा नेमका त्या डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्याआधी तिथल्या टपरीवर वरच्या पाड्याची माणसे मीठ-मिरची न्यायला येत.

"आई गं," दौलत म्हणाला. "मी तिथं चहा पितो आणि गाडी वळवतो. एकदा तरी विचारायचं होतं, की आमचा शांतवन बरा आहे ना. एकदाही विचारलं नाही हो मी."

आता मंडळीत एक तरुण होता. आबांपाशी राहून तो सेवेचे शिक्षण घेत होता. त्यांचा शिष्यच म्हणा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शांतवनदादांच्या जागी मी जातो."

झाले! मंडळीच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतका झटकन उतरला की मला अजून त्याचाच राग येतो. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. कुणी घोंगडी आणली, कुणी कंदील आणला. नाताळानंतरच्या रविवारी निरोपाची उपासना ठरली. रिबकाही परत जाणार होती. "त्यांची माती तिथं आहे," ती म्हणाली, "आणि पाड्यावरची पोरं वाट बघताहेत." एकट्या त्या शिष्याच्या आईला मिठी मारायला कुणी गेले नाही. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. तिने आबांना दारात गाठले.

"आबा, खरं सांगा. शांतवनसारखंच माझ्या पोराचं होणार नाही ना? तोही वर असाच पडून राहणार नाही ना?"

आबांनी तिच्याकडे पाहिले. मग ते तिला घरापर्यंत पोचवायला गेले.

निरोपाचा रविवार आला. चर्च भरून गेले होते. शिष्य पांढरा सदरा घालून वेदीपुढे आला, त्याने गुडघे टेकले आणि मान खाली घातली. आबा पुढे आले. पण त्यांनी हात ठेवले नाहीत. त्यांनी त्याचा दंड धरून त्याला उठवले आणि ते म्हणाले, "बाळ, तू बाजूला बस." मग बाकांकडे वळून त्यांनी हाक मारली, "बेन्यामीन मास्तर, पुढे या. गुडघे टेका."

"मी?" मास्तर गडबडले. "आबा, मी या वयात कुठं जाणार?"

"तुम्ही कुठंच जाणार नाही. इथंच राहणार आहात. म्हणूनच बोलावतोय."

मास्तर कसेबसे गुडघ्यांवर आले. आबांनी दोन्ही हात त्यांच्या मस्तकावर ठेवले. "प्रभू, तुझा हा सेवक मागे राहतो आहे. मागे राहण्याच्या सेवेसाठी मी याला नेमतो. याच्या प्रार्थनेला कान दे आणि पाय दे."

मग त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या मार्था सिस्टरला बोलावले. मग दौलतला. दौलत जागचा हलेना. "माझ्यावर नको, आबा. माझी लायकी नाही."

"लायकीचं नंतर बघू. आधी खाली वाक."

दौलत वाकला आणि लहान मुलासारखा रडला. एकामागून एक सगळी मंडळी पुढे आली. गवंडी आला, पिठाच्या गिरणीवाला आला, शिष्याची आई आली. ऊन डोक्यावर चढले तरी आबांचे हात खाली आले नाहीत. शेवटी त्यांनी आशीर्वचन म्हटले आणि उपासना संपवली. ज्याच्यासाठी सगळे जमले होते, त्या शिष्याच्या मस्तकाला त्यांनी स्पर्शही केला नाही.

शिष्याला ते फार लागले. आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता तो त्याचा. दुपारी तो आबांच्या खोलीत गेला. आबा झगा उतरवून घडी करत होते.

"आबा, मी अपात्र आहे का? तसं असेल तर सांगा, मी जात नाही."

आबा खाटेवर बसले. "बाळ, शांतवनची गोष्ट ऐकूनही तू उभा राहिलास. तुला देवानं केव्हाच नेमलंय. तिथं माझ्या हातांची काय मातब्बरी? शांतवनवर मी हात ठेवले होते ना! त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, सेवा आता याची, आपण मोकळे. मलाही तसंच वाटलं. सगळ्यांनी मिळून एका माणसावर ओझं घातलं आणि त्याला आशीर्वाद म्हटलं. जाणारा जातोच रे. मागे राहणाऱ्याला कुणी सांगत नाही, की बाबा, तुलाही पाठवलेलं आहे. ज्याचं नाव देवापुढे घेतलं, त्याच्या तापानं आपली झोप उडायला हवी. आमची कुणाची उडाली नाही. तो तिकडे वार विचारत गेला." एवढे बोलून आबांनी घडी केलेला झगा तोंडाशी धरला. म्हातारा माणूस, आवाज न करता रडत होता.

थोड्या वेळाने शिष्याने विचारले, "आणि ते परत विसरले तर?"

"विसरतीलही. माणसं आहेत. तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी हमी देऊ शकलो नाही. तुलाही देत नाही."

शिष्य त्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी रिबकाबाईंबरोबर डोंगरात गेला. मनातून मात्र ती खंत काही जाईना. आपले मस्तक रिकामेच राहिले, असे त्याला वाटत राहिले.

इकडे मंडळीत एक बदल झाला, तो सांगायला हवा. बेन्यामीन मास्तर प्रार्थनेत त्या मुलाच्या नावापाशी आले की थांबत, डोळे उघडत आणि विचारत, "या आठवड्यात त्याची खबर कुणाला कळली?" कुणी काही सांगेपर्यंत पुढे जात नसत. पहिल्या पहिल्यांदा लोक चुळबुळले. एकदा कुणालाच काही ठाऊक नव्हते, तेव्हा मास्तर तसेच उभे राहिले आणि सगळ्यांना माना खाली घालाव्या लागल्या.

पुन्हा पाऊस सुरू झाला. एका दुपारी शिष्य पाड्यावरच्या पडवीत मुलांना शिकवत होता, तेव्हा चढणीवरून दौलत येताना दिसला. सुटलेले पोट, गुडघ्यापर्यंत चिखल, धाप अशी लागलेली की तोंडातून शब्द फुटेना. शिष्य धावत गेला.

"काय झालं, दौलतमामा? आईला काही..."

"आई ठणठणीत आहे. चिवडा दिलाय तिनं. तू कसा आहेस?"

"मी बरा आहे."

"नुसतं बरा म्हणू नकोस. इकडे ये, डोळे दाखव. मार्था सिस्टरनं बजावलंय, डोळे पिवळे आहेत का बघूनच ये. या गोळ्या. ओढ्याला पाणी चढायच्या आत पोचायचं होतं, म्हणून रजा टाकून आलो."

त्याने शिष्याचे डोळे पाहिले, कपाळाला हात लावून पाहिला. मग तो रिबकाबाईंकडे वळला आणि त्याने अगदी हळू विचारले, "शांतवन कुठं आहे?"

मोहाच्या झाडाखाली दगड रचून केलेली साधी कबर होती. दौलतने चपला काढल्या, डोक्यावरचा ओला रुमाल काढला आणि तो चिखलातच खाली बसला. त्याने प्रार्थना म्हटली नाही. मग त्या दगडांवर हात ठेवून तो म्हणाला, "कसा आहेस रे, शांतवन?"

आणि तो तसाच थांबून राहिला, उत्तर यायचे असल्यासारखा. रिबकाबाईंनी नवरा गेल्यापासून माणसांसमोर डोळ्यांतून पाणी काढले नव्हते. त्या झाडाला टेकल्या आणि मोठ्याने रडल्या.

शिष्य थोडा मागे उभा होता. आबांनी त्या रविवारी आपल्याला बाजूला का बसवले, ते त्याला आता समजले. त्याची खंत गेली. जे दौलतने आज विचारले, ते कुणीतरी वर्षभर आधी येऊन विचारायला हवे होते, एवढेच दुःख मागे उरले.