खालच्यांची कुरकुर

सभापती दौलतराव इंगवल्यांनी रुबाबासाठी जीप भलतीच उंच करून घेतली आणि ती चढावर कुरकुरू लागली. परदेशात शिकून गावात गॅरेज काढलेल्या मृण्मयीला ते चारचौघांत म्हणाले, "आवाज बंद कर, नाहीतर तुझं गॅरेजच बंद करतो!"

मृण्मयी जीपखाली शिरली आणि हसतच बाहेर आली.

"साहेब, वरचा डोलारा उंच गेला, चाकं फिरवणारा खालचा शाफ्ट आणि त्याचे सांधे होते तिथेच राहिले. सगळा ताण त्यांच्यावर. खालचे कुरकुरणारच!"

"मग दाबून टाक त्यांना!"

"दाबले की एक दिवस तुटतात, साहेब. मग वरचाही जागच्या जागी बसतो."

चारचौघे खुदखुदले. सभापती खाकरले. "बरं बाई, त्यांची काय ती सोय कर."

"करते की! पण त्यासाठी गॅरेज चालू राहावं लागेल."