वाटेत उतरवलेली पाटी

पूर्वी वेणुमती नगरीत महाकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी माती वाहणाऱ्यांच्या एका तांड्यात मुलगी होऊन जन्म घेतला. तिचे नाव चापा. डोक्यावर चुंबळ ठेवण्याइतकी ती मोठी झाली, तेव्हा तिच्या सोमाआजीने तिला नियम सांगितला. खड्ड्यातून उचललेली मातीची पाटी बांधावर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. वाटेत टेकलेली माती बांधात गेली तर बांध फुटतो. का फुटतो, ते विचारायचे नाही.

चापाने विचारलेच. त्याबद्दल तिला चिमटा मिळाला, उत्तर मिळाले नाही.

राजा दोन डोंगरांमध्ये नदी अडवून मोठा तलाव बांधत होता. तांड्यातली कित्येक माणसे त्या बांधाच्या पायथ्याशीच जन्मली, तिथेच त्यांची लग्ने झाली. पाटी टेकवणाऱ्या बाईच्या घराला तांडा सोडावा लागे, आणि तांडा सुटला की राजाच्या कोठारातले धान्यही सुटे. त्यामुळे पाटी कोणी टेकवत नसे.

त्या वर्षी चापाची वहिनी उत्तरा गरोदर होती. दिवस भरत आले तरी ती रांगेतच होती. तिला घरी बसू द्या, म्हणून चापाने एकेकाला सांगून पाहिले. वडीलधारे हसून म्हणाले, हिच्या वहिनीआधी जगात जणू कोणी बाळंत झालेच नाही.

एका दुपारी चढणीच्या मधोमध उत्तरा थबकली. तरी तिने पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"चापा, पोट आवळून येतंय गं," ती हळूच म्हणाली.

चापाने आपली पाटी वाटेतच उतरवली. मग वहिनीची उतरवली आणि तिला जांभळाच्या सावलीत निजवले. मागची सगळी रांग थांबली.

वडीलधारे धावत आले. चापाचे घर तांड्यातून तुटू नये म्हणून तांड्याच्या नाईकाने एक वाट काढली. दोघींनी ती माती नदीत सोडावी, बांधापुढे नाक घासावे आणि उद्या पुन्हा रांगेत यावे. चापाने ते मानले नाही.

"नाईककाका, आपण उचलायच्या आधी ही माती कुठं होती? जमिनीवरच ना?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. पण तेवढ्यात सोमाआजी पुढे आली आणि ते हसू विरले.

"मागच्या बांधाला मीही अशीच होते," आजी म्हणाली. "कळा आल्या तरी पाटी टेकवली नाही. वर नेऊन ओतली, आणि तिथंच माझं पोर गेलं. तो बांध अजून उभा आहे. तो उगाच उभा आहे म्हणतेस?"

चापाच्या जिभेवर तिखट उत्तर आले होते. ते तिने गिळले. म्हातारी त्या नियमाला इतकी घट्ट का धरून होती, हे तिला आता दिसले. नियम खोटा ठरला, तर ते मूल फुकट गेले असे होणार होते. तिने आजीचा हात हातात घेतला.

"तो बांध तू वाहिलेल्या मातीनं उभा आहे, आजी. त्याला तुझ्या बाळाचा जीव लागला नव्हता. वहिनी उद्या रांगेत येणार नाही. तांडा सोडावा लागला तर आम्ही सोडू."

आजी उत्तरेच्या उशाशी बसली आणि तिने तिच्या पोटावर हात ठेवला. नाईकाने वाटेतल्या दोन्ही पाट्या बाजूला सारल्या. चापाचे घर तांड्यातच राहिले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, मागच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाची उत्तरा आज महाप्रजापती गौतमी आहे. तिच्या पोटी सुखरूप जन्मलेले मूल म्हणजे आनंद. सोमाआजी आज भिक्षुणी होऊन याच सभेत बसली आहे. आणि चापा मी होतो. चापाने नकार दिला, पण देताना आजीचा हात सोडला नाही. यालाच करुणा म्हणतात."