पाठ करून उभा राहिलेला शेठ

एकदा एक किराणा दुकानदार पन्नाशी उलटल्यावर संगणक शिकायला निघाला. दत्ताराम शेट्ये त्यांचे नाव. सारा गाव त्यांना शेठ म्हणे.

संगणक शिकण्याचे कारणही तसेच होते. गाव आणि तालुक्याचा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आडवा येई. उन्हाळ्यात पोरे त्यातून उड्या मारत पलीकडे जात. पावसाळ्यात मात्र गाव अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. आदल्या श्रावणात शेठजींची सून ऐन पुराच्या दिवशी बाळंतपणात अडली आणि तिला ओढ्याच्या काठावर आणावे लागले. डॉक्टरीणबाई पलीकडच्या काठापर्यंत धावत आल्या, पण पाण्याने त्यांना पुढे येऊ दिले नाही. बोलणे ऐकू येत होते, हात पोहोचत नव्हता. त्यांनी तिकडून ओरडून सांगायचे आणि शेठजींच्या पत्नीने इकडे तसे करायचे, असे करत ताडपत्रीच्या आडोशाला नात जन्मली. दोघी वाचल्या. शेठ मात्र त्या दिवसाबद्दल कुणाशी अक्षर बोलत नसत, घरातही नाही.

यंदा जिल्ह्याच्या कचेरीने कळवले, की तालुक्यात एकाच गावाला साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल मिळेल. ज्यांना हवा असेल त्यांनी समितीपुढे येऊन संगणकावर सादरीकरण करावे. ग्रामसभेने एकमुखाने शेठजींकडे बोट दाखवले. आलेल्या गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवावे ते त्यांनीच. शेठजींनी ऐटीत मान डोलावली, आणि सादरीकरण म्हणजे काय असते ते घरी येऊन मुलाला विचारले.

त्यांच्या शाळेतले गुरुजी आता तालुक्याला राहत. निवृत्तीनंतर गुरुजी स्वतः संगणक शिकले होते आणि हौसेने इतरांना शिकवत होते. शेठ त्यांच्या वर्गात जाऊन बसले. आरंभी माउस त्यांच्या हाती बिथरलेल्या वासरासारखा भलतीकडेच धावे. पण माघार घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हळूहळू स्लाइड करता येऊ लागली, फोटो लावता येऊ लागला, आणि मग शेठजींना आवरणे कठीण झाले. अक्षरे उड्या मारत येऊ लागली, स्लाइडी कोलांट्या घेऊ लागल्या. दुकानातली एकही फळी मोकळी ठेवायची नाही ही त्यांची सवय. पडद्यावरही त्यांनी बोटभर जागा सोडली नाही. लोकसंख्या, पाऊसमान, ओढ्याची रुंदी, आजवरच्या अर्जांचे क्रमांक, सगळे भरले.

मग एके दिवशी मोठ्या उत्साहाने ते गुरुजींना सादरीकरण दाखवायला उभे राहिले. प्रोजेक्टर लागला. शेठ पडद्याकडे वळून पहिली स्लाइड वाचू लागले. ती संपवून मागे पाहतात तो काय, गुरुजींनी खुर्ची उलटी फिरवली होती आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"गुरुजी, पडदा इकडं आहे."

"ठाऊक आहे. चालू दे."

रंग भडक झाले असतील, असे समजून शेठजींनी ते बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अक्षरे मोठी केली, तरी गुरुजींचे तोंड भिंतीकडेच. आता मात्र शेठजींना राग आला. इतक्या कष्टाने केलेल्या कामाकडे ढुंकूनही बघायचे नाही, हा त्यांना सरळसरळ अपमान वाटला. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

"काय चुकलं ते तरी सांगा. शाळेत छडी मारायचात ते परवडलं. तुम्ही असे पाठ करून बसलात तर मी बोलायचं कुणाशी?"

गुरुजींनी खुर्ची वळवली आणि ते त्यांच्यासमोर बसले.

"दत्ताराम, मीसुद्धा हेच म्हणतोय. पहिल्या स्लाइडपासून तू माझ्याकडे पाठ करून उभा आहेस. अरे, वाचायला मलाही येतं. विषय पाठ नसला की माणूस लोकांकडे पाठ करतो आणि पडद्यावरचं वाचत सुटतो. तुझी गंमत वेगळी आहे. तुझा विषय तुला नको तितका पाठ आहे. त्याच्याकडे बघायचं धाडस होत नाही, म्हणून तू आकड्यांच्या आड उभा राहतोस. पडदा दाखवण्यासाठी असतो, लपण्यासाठी नाही. आता मला सांग, साकव कशाला हवाय?"

"ओढ्याची रुंदी पाहता..." शेठजींनी सुरुवात केली.

गुरुजींचा हात पुन्हा खुर्चीच्या पाठीकडे गेला.

शेठ थांबले. मग ते हळूच म्हणाले, "सुनेसाठी," आणि श्रावणातला तो सगळा दिवस त्यांच्या तोंडून बाहेर पडला. बोलता बोलता त्यांना रडू कोसळले. गुरुजी त्यांच्याकडे पाहत शांतपणे ऐकत राहिले.

"हेच सांग समितीला," शेवटी ते म्हणाले. "बाकी कुणी विचारलं तर."

समितीपुढे त्या दिवशी बरीच गावे आली होती. एकेक जण येई, पडद्याकडे तोंड करून वाचून जाई, आणि सभासद चहाचे कप न्याहाळत बसत. शेठजींची पाळी आली. पडद्यावर पुराच्या ओढ्याचा एकच फोटो लागला. त्याच्याकडे न पाहता शेठ लोकांकडे वळले.

"साहेब, या काठाला माझी सून होती आणि त्या काठाला डॉक्टरीणबाई."

सभागृहातली कुजबुज थांबली. शेठ बोलत गेले आणि शेवटपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, मग प्रश्नांची फैर झाडली. पाणी किती चढते, पात्र किती रुंद, पलीकडे रोज किती माणसे जातात? पडद्यावरून काढलेला प्रत्येक आकडा शेठजींच्या जिभेवर हजर होता. दुपारी निकाल लागला. साकव शेठजींच्या गावाला मिळाला.

गावाने त्यांना वेशीवरून वाजतगाजत आणले. गुलालाने माखलेले शेठ घरी आले तेव्हा सून लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"मामंजी, तिथं सगळे रडले म्हणतात. असं काय सांगितलंत?"

शेठ पायरीवर बसले. त्यांनी तिलाही समोर बसायला सांगितले आणि त्या दिवशी काठावर उभे असताना आपण किती भ्यालो होतो, ते तिला पहिल्यांदाच सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही ते विसरलात."

स्लाइड कशी करायची ते कुणीही शिकवील. कुणाकडे तोंड करून उभे राहायचे, हे ज्याचे त्याने शिकायचे असते.