शिदूनं काठी पसंत केली त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा काचपुश्या होता. काचपुश्या तो नुकताच झाला होता, भोळा मात्र जन्मापासूनचा. नाव शिदू. घरात आई गोदाक्का, आणि पलीकडच्या गल्लीत आईचा भाऊ आनंदामामा. शिदू आळशी नव्हता, उलट बोलणारा नव्हता, आणि सांगितलेलं कधी विसरत नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं.

त्या गावाजवळून हायवे गेला आणि हायवेच्या कडेला एका पतसंस्थेनं तीन मजली इमारत बांधली. पुढून भिंत म्हणून नाहीच, सगळी काच. आत बसलेली माणसं बरणीतल्या लोणच्यासारखी बाहेरून दिसत. त्या काचा धुवायचं काम आनंदामामानं घेतलं. त्याच्याकडे टेम्पो होता, टेम्पोवर गाळलेल्या पाण्याची टाकी होती, पंप होता, पाईप होता. त्या पाण्याची गंमत अशी, की ते काचेवर नुसतं वाळलं तरी डाग राहत नाही. शिडी नको, फडकं नको. लांब काठीच्या टोकाला ब्रश, काठीतून पाणी वर चढतं, माणूस आपला खाली जमिनीवर. कमी होती ती फक्त काठीची आणि काठी धरणाऱ्याची. धरायला मामानं भाच्याला घेतलं.

त्याच सुमाराला गोदाक्कानं पोराचं लग्न मनावर घेतलं. म्हणजे काठी बघायची आणि मुलगीही बघायची, असा योग एकदमच आला. सगळं बिघडलं ते इथंच.

मामा म्हणाला, "शिद्या, शहरात पोपटशेठचं दुकान हाय. तिसऱ्या मजल्याच्या काचंला पोचंल अशी काठी बघून आण."

शिदू दुकानात गेला. पोपटशेठनं एक काळी, चकचकीत काठी काढून उभी केली. नळीत नळी, तिच्यात आणखी नळी, अशी आखडून ठेवलेली. ती शिदूच्या छातीपर्यंत आली.

"शेठ, ही माझ्या छातीला पोचली. काच तिसऱ्या मजल्याव हाय."

"अरे, ही लांब होते."

"कधी?"

"पाहिजे तेव्हा."

"मग झाली लांब की निरोप धाडा," असं म्हणून शिदू सरळ बांबूच्या वखारीत गेला आणि तिथला सगळ्यात लांब बांबू खांद्यावर टाकून निघाला.

बांबूचं पुढचं टोक गावात शिरलं तेव्हा मागचं अजून ओढ्यापलीकडे होतं. वळणावर शिदू वळला, बांबू वळला नाही. तो तसाच सरळ सुताराच्या पुढच्या दारानं आत गेला आणि परसातून वाळत घातलेलं लुगडं घेऊन बाहेर आला. मामाच्या दारात पोचेपर्यंत बांबूवर दोन लुगडी, एक घोंगडं आणि कुणाचा तरी दोडक्याचा वेल होता. मामानं बांबू उचलून बघितला. उभा करताच तो मधोमध असा वाकला, की टोक परत मामाच्याच पायाशी आलं.

मामानं कपाळाला हात लावला. "लेका, नुसती उंची बघून भागतंय व्हय? वजन इचारावं. आखडून केवढी हुती ते इचारावं. आडवी धरून बघावी, मधी वाकती का. सांधं घट्ट हायती का, का हलत्यात, ते बघावं. मग पसंत करावी."

शिदूनं मान डोलावली आणि सगळं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोदाक्का त्याला घेऊन पलीकडच्या गावी मुलगी बघायला गेली. मुलीचं नाव सगुणा. तिचे वडील दौलतनाना म्हणजे भारदस्त असामी, मिश्यांना पीळ, कोपऱ्यात काठी. सगुणा पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळ्यांना नमस्कार करून पाटावर बसली. नाना म्हणाले, "इचारा पाव्हणं, काय इचारायचं ते."

शिदू सावरून बसला. "वजन किती?"

बैठकीत चमचा वाजायचा थांबला.

"आखडून केवढी हुती?" शिदूनं पुढचं विचारलं.

सगुणेनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. थट्टा करतोय म्हणावं, तर तोंडावर हसू नव्हतं. ती म्हणाली, "आखडून एवढीच. चिडल्यावर उंच हुती."

शिदूला उत्तर आवडलं. "मधी वाकती का?"

"कामापुरती."

"सांधं हलत्यात?"

कोपऱ्यात घोंगडीवर सगुणेची आजी बसली होती. तिला वाटलं, पाहुणा आपलीच चौकशी करतोय. ती म्हणाली, "हलत्यात रं बाबा. थंडीत तर लई हलत्यात."

"आडवी धरून बघू का?" असं शिदूनं विचारलं, आणि गोदाक्का त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. पोहे तसेच राहिले.

वाटेत ती त्याला बोलत सुटली. "आरं मुडद्या, काय ह्ये इचारनं? पसंतीला गेल्यावर नाव इचारावं. शिक्षान किती, सैपाक येतो का, ह्ये इचारावं. समोर येईल ते गुमान खावं. आन उठताना म्हनावं, घरी जाऊन कळवतो."

शिदूनं मान डोलावली आणि सगळं ध्यानात ठेवलं.

चार दिवसांनी मामानं त्याला पुन्हा पोपटशेठकडे धाडलं. पतसंस्थेचे लोक घाई करत होते. पोपटशेठनं तीन काठ्या भिंतीला लावून ठेवल्या. शिदू त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. बराच वेळ बसला.

"नाव काय?" त्यानं पहिलीला विचारलं.

पोपटशेठ म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियम. मजबूत, पण जड आहे. आणि विजेच्या तारेजवळ न्यायची नाही."

"हिचं?"

"फायबर. स्वस्त आहे, पण लांब केली की लचकते."

"आन हिचं?"

"कार्बन. हलकी, ताठ. तुझ्या कामाची हीच. पण तारेपासून हीसुद्धा लांब ठेवायची."

"शिक्षान?"

पोपटशेठनं चष्मा काढून पुसला. गिऱ्हाईक म्हणजे देव, तो कुठल्याही रूपात येतो, असं मनाशी म्हणून त्यानं उत्तर दिलं, "काचा धुण्यापुरतं झालंय."

"सैपाक?"

"येत नाही."

"मग अवघड हाय," शिदू म्हणाला. शेठच्या टेबलावर त्याचा स्वतःचा डबा उघडा होता. समोर आलेलं गुमान खायचं, म्हणून शिदूनं डबा संपवला, हात धुतला, उठला आणि काठ्यांना म्हणाला, "घरी जाऊन कळवतो."

तो घरी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणी तरी ती कार्बनची काठी नेली होती. नवीन यायला आठवडा लागणार होता. मामा डोकं धरून ओट्यावर बसला.

"शिद्या, मेल्या, कळवतो काय म्हनतोस? चांगली दिसली की फुडं-मागं बघायचं न्हाई. तिथल्या तिथं उचलायची. दुकानदाराकडनं पिशवी मागून घ्यायची, नसंल तर तशीच खांद्याव टाकायची, आन भाईर पडायचं. न्हाईतर दुसरा कुनी घेऊन जातो."

शिदूनं मान डोलावली आणि सगळं ध्यानात ठेवलं.

तिकडे सगुणेच्या घरी काय झालं, तर नाना भडकलेलेच होते, पण सगुणा त्या दिवसापासून हसत होती. भाकरी थापताना हसे, पाणी शेंदताना हसे. तिला बघायला आलेले बाकी सगळे मनात एक ठेवून तोंडानं एक बोलत. हा जे आलं ते बोलला. तिनं नानांना हळूच सांगितलं, "त्यास्नी परत बोलवा." नानांचं लेकीपुढे काही चालत नसे. त्यांनी निरोप धाडला.

शिदू आईला घेऊन आला. सगुणा चहा घेऊन आली. शिदूनं तिच्याकडे बघितलं. चांगली दिसली. चांगलीच दिसली. तो उठून उभा राहिला आणि नानांना म्हणाला, "पिशवी हाय का?"

"कशाला?"

"न्यायला. नसंल तर ऱ्हाऊ द्या, तशीच खांद्याव टाकतो."

नानांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि शिदूच्या पाठीत घातली. एक घातली, दुसरी घातली. शिदूनं तिसरी वरच्या वर धरली, काठी वाकवून बघितली, डोळ्याला लावून सरळ आहे का बघितली. मग ती परत नानांच्या हातात देत म्हणाला, "नाना, ह्या काठीत राम न्हाई. पयल्या मजल्यालाबी पोचायची न्हाई. फशीवलं तुमाला."

सगुणा खांबाला धरून खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती उठली आणि म्हणाली, "नाना, करीन तर ह्यांच्यासंगंच."

नाना गोदाक्काकडे वळले. "पोर ऐकायची न्हाई. पर माझी एक अट हाय. ह्याला काम येतंय ह्ये मला दिसाय पायजे. त्या इमारतीच्या काचा ह्यानं लखलखीत करून दाखवाव्या. दाखवल्या तर लगीन, न्हाईतर तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या."

गोदाक्काला रडावं की हसावं कळेना. वाटभर ती शिदूला समजावत आली. "लेकरा, अशी खांद्याव टाकून कुनी आनतं व्हय? मुहूर्त बघावा. हळद लावावी. अक्षता टाकाव्या. वाजतगाजत, चार मान्सात, मानानं घरी आनावी."

शिदूनं मान डोलावली आणि सगळं ध्यानात ठेवलं.

आठवड्यानं नवी काठी आली. शिदू पोपटशेठच्या दुकानात सकाळीच हजर झाला आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिला. शेठनं विचारलं, "काय रे, घेणार ना?"

"घेनार. गोरज मुहूर्त हाय."

सूर्य टेकला तशी शिदूनं काठीला नखशिखांत हळद फासली. शेठच्या हातात अक्षता दिल्या. शेठनं त्या टाकल्या. दुकान बंद करायची वेळ झाली होती, त्याला घरी जायचं होतं. रस्त्यात बँडवाले भेटले, शिदूनं त्यांना बरोबर घेतलं. वाजंत्री पुढे, पिवळीजर्द काठी मध्ये, मागे गावातली रिकामी माणसं. आवाज गोदाक्काच्या कानावर आला. पोरानं खरंच पोरगी उचलून आणली की काय, म्हणून ती भाकरतुकडा घेऊन धावत दारात आली, घाईघाईत तिनं तो ओवाळून टाकला, आणि मग तिला दिसलं की आपण कुणाला ओवाळलं.

मामा आला. तो रागावणारच होता, पण त्यानं काठी हातात घेतली आणि त्याचा राग उतरला. हलकी होती. ताठ होती. पुरी लांब केली तर तिसऱ्या मजल्याच्या वर हातभर जास्त. शेठनं चांगलीच निवडून दिली होती.

"मिरवनूक कशाला काढलीस ते सांगू नगंस," मामा म्हणाला. "उद्या कामाव चल. आन आता कान उघडं ठेवून ऐक. काठी उभी कर. पानी सोड. वरनं सुरू कर आन खाली ये. पुसायचं न्हाई. पुसलं की डाग पडतो, आपसूक वाळू द्यायचं. आन एकीपाशी रेंगाळायचं न्हाई. एक झाली की फुडची. मागं वळून बघायचं न्हाई."

शिदूनं मान डोलावली आणि सगळं ध्यानात ठेवलं.

आणि दुसऱ्या दिवशी आक्रीत घडलं. शिदूला सांगितलं होतं काचेचं आणि समोर होती काचच. जन्मात पहिल्यांदा सांगणं आणि काम एका ठिकाणी आलं. शिदूनं काठी उभी केली, पाणी सोडलं, वरून खाली आला, पुढे सरकला. दुपारपर्यंत इमारत अशी लखलखली, की दौलतनाना बघायला आले ते काचेत स्वतःला बघून मिशीला पीळ देत उभे राहिले. शब्दाचा माणूस. तिथंच त्यांनी लग्नाची तारीख धरली.

मामा खूश, गोदाक्का खूश. सगुणेचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आनंदाच्या भरात लग्नात काय करायचं हे शिदूला सांगायचं मात्र राहून गेलं. आईनं मागे सांगितलं होतं, पण ते काठीवर वापरून झालं होतं. ध्यानात ताजं होतं ते मामाचं.

लग्नाची तिथी दाट होती. मंगल कार्यालयाच्या पटांगणात शेजारी शेजारी दोन मांडव, मध्ये नुसतं कापड. इकडे शिदूचं लग्न, तिकडे कुणा दुसऱ्याचं. घोडा मिळाला नाही म्हणून नवरदेव मामाच्या टेम्पोतून आला, पाण्याच्या टाकीला टेकून, मांडीवर काठी घेऊन.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. भटजी "सावधान" म्हणाले, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. समोर शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली सगुणा हार घेऊन उभी. शिदूनं तिला बघितलं. मग त्यानं आपल्या हातातला हार भटजींच्या हातात दिला आणि तो टेम्पोपाशी गेला. लोकांना वाटलं, अशी नवी पद्धत असेल. शिदूनं पंप चालू केला. काठी उभी केली. पाणी सोडलं.

वरून सुरू केलं आणि खाली आला. आधी मुंडावळ्या, मग कुंकू, मग शालू. सगुणा झाली तशी शेजारी उभी असलेली करवली. ती झाली तसे भटजी. भटजी झाले तसे दौलतनाना, त्यांच्या मिश्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबल्या. कुणी ओरडलं, कुणी खुर्चीखाली शिरलं.

नाना मिश्यांतलं पाणी झटकत म्हणाले, "मोडलं. लगीन मोडलं."

"न्हाई मोडलं," सगुणा म्हणाली.

ती निथळत होती. कुंकवाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. तरी ती ठामपणे चारचौघांत बोलली, "ह्यो मानूस मला मनापासनं आवडलाय, नाना. येडा असंल, पर माझा हाय. ह्याच्याबिगर मी कुनाला हार घालायची न्हाई." डोळ्यांत पाणी जात होतं म्हणून सगुणेनं डोळे मिटून घेतले, दोन्ही हातांनी हार उंच धरला आणि म्हणाली, "या म्होरं."

कुणी आलं नाही. तिनं डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. नुसता पाईप होता, आणि तो सरसर सरकत मधल्या कापडाखालून पलीकडे चालला होता.

पलीकडच्या मांडवात सनई अर्ध्यात थांबली. भांडी पडली. बायकांचा कल्ला उठला. आणि त्या सगळ्या गोंधळातून शिदूचा शांत आवाज आला, "नवरीबाई, पुसू नगा. डाग पडतो. आपसूक वाळू द्या."