मानाची बंदूक आणि नदीची वाळू

डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात धर्माजी नावाचा शिकारी राहत असे. त्याचा नेम पंचक्रोशीत सर्वांत चांगला होता आणि त्याची बंदूक सर्वांत देखणी. एकदा राजाच्या शिकारीत चवताळलेले रानडुक्कर त्याने अगदी राजाच्या पुढ्यात लोळवले. राजा खूश झाला आणि त्याने धर्माजीला परमुलखातून आणवलेली एक बंदूक दिली. तिची नळी न गंजणाऱ्या पोलादाची होती. पावसात भिजली तरी तिच्यावर डाग पडत नसे आणि उन्हात धरली तर बघणाऱ्याचे डोळे दिपत. नळीवर बारीक अक्षरांत धर्माजीचे नाव कोरलेले होते.

त्या मुलखात एक रीत होती. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सगळे आपापली शस्त्रे घेऊन निघत, आणि ज्याचे शस्त्र सर्वांत लखलखीत तो पालखीच्या पुढे चाले. धर्माजीचा बाप शिकारी होता, आजाही शिकारी होता. पण आपल्या काळपट बंदुका खांद्यावर टाकून ते जन्मभर पालखीच्या मागे, धुळीतून चालले. नवी बंदूक आल्यापासून पुढे चालण्याचा मान धर्माजीचा झाला होता. तो रोज सकाळी ओट्यावर बसून मऊ फडक्याने नळी पुसत बसे.

"तिला एवढं घासता, कधी माझ्या जात्याच्या खुंट्याकडं बघा की," त्याची बायको रखमा म्हणे.

"जातं काय पालखीपुढं न्यायचंय?" धर्माजी हसून म्हणे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एक बिबट्या गावाच्या वाटेला आला. आधी त्याने शेळ्या नेल्या. मग पाणवठ्यावर एका बाईवर झडप घातली. ती वाचली, पण गावाची झोप उडाली. दिवस कलला की दारे बंद होऊ लागली. लोक धर्माजीकडे आले. त्याने बंदूक उचलली.

बिबट्या रोज दिवस मावळायच्या सुमारास एका घळीतून खाली उतरे. घळीच्या तोंडाशी हिरड्याचे एकच जुने झाड होते. धर्माजी त्यावर मचाण बांधून बसला. समोर मावळतीचे ऊन होते. घळीतली पाखरे एकाएकी गप्प झाली. बिबट्या दगडांमधून बाहेर आला, थांबला, पुन्हा चालू लागला. धर्माजीने नळी हळूच वळवली. त्याच क्षणी नळीवर ऊन पडले. बिबट्याने मान वर केली आणि तो थेट झाडाकडे पाहू लागला. धर्माजीने चाप ओढला तेव्हा तिथे नुसते दगड होते.

काय झाले ते धर्माजीला कळले होते. पण खाली जमलेल्या लोकांना तो म्हणाला, "ऐन वेळी वारा फिरला. त्याला माझा वास लागला."

लोकांना ते पटले. वाऱ्यापुढे कोणाचे काय चालणार? धर्माजी घरी आला आणि त्याने नेहमीसारखी बंदूक पुसून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी बिबट्याने हैबतीला नेले. हैबती गुराखी होता. चुकलेली कालवड शोधायला तो घळीकडे गेला होता. कालवड आपल्या पायाने परत आली.

हैबतीचे दिवसकार्य झाल्यावर त्याची म्हातारी आई, भागाई, धर्माजीच्या ओट्यापाशी आली. रडून रडून आवाज बसलेला होता. तिने आरडाओरडा केला नाही. ती एवढेच म्हणाली, "धर्मा, एक इचारू?"

"बोल काकी."

"तू मचाणावर होतास त्या सांजेला मी दारापुढच्या खळ्यावर उडीद वारवत होते. सूप रितं होईस्तोवर भुसा एकाच बाजूला पडत होता. वारा कवा फिरला रं?"

धर्माजीने मांडीवरच्या बंदुकीवर फडके ओढले.

"आन् झाडात कायतरी चमकलं बघ. मला वाटलं, कुणी आरसा धरलाय." म्हातारीने पदर सावरला. "हैबती बी माझ्यापाशीच हुता. म्हणाला, धर्मादादाची बंदूक किती लांबून दिसती गं."

ती निघून गेली. धर्माजीला त्या दिवशी जेवण गेले नाही.

त्याने बापाची पद्धत आठवली. बाप नव्या नळीला मीठ आणि चिंचेचे पाणी लावून ठेवी. चार दिवसांत लोखंड तांबूस होई, मग त्यावर ऊन टिकत नसे. धर्माजीने तसे करून पाहिले. पण हे पोलाद गंज धरीना. पुसले की नळी पहिल्यासारखीच हसू लागली. मग त्याने तेलात काजळी कालवून लावली. ती घामाने तळहातावर उतरली. फडके गुंडाळले, तर त्याची घडी नेम धरायच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, सरकली.

आता एकच उपाय उरला होता. चमक झाकायची नाही, काढायची. आणि ती एकदा काढली की परत येणार नव्हती. दसरा तोंडावर आला होता.

रखमाने विचारले, "सरकारांना काय सांगाल?"

"ते सरकारांनी इचारल्यावर बघू. भागाईनं इचारलंय, त्याचं उत्तर आधी देतो."

त्याने नळीच्या तोंडात मेणाचा बोळा घट्ट बसवला आणि तो नदीवर गेला. बायका तिथे भांडी घासत होत्या. त्यांच्याशेजारी बसून त्याने ओले फडके वाळूत बुडवले आणि नळीवर उभे ओढले. करकर आवाज झाला. पोलादावर पहिला ओरखडा उठला, तेव्हा त्याचा हात क्षणभर अडला. मग तो थांबला नाही.

"अहो धर्माभावजी," एक बाई म्हणाली, "आम्ही घासतो ते चकचकीत व्हायला. तुमचं उलटंच काय?"

"माझ्या घरचं भांडं उलटं हाय, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला.

नळी राखेच्या रंगाची झाली. कोरलेले नावही पुसट होत होत गेले.

मेणाचा बोळा काढून त्याच दिवशी तो पुन्हा हिरड्यावर चढला. समोर तेच ऊन होते. गावात सगळी दारे बंद होती आणि त्या दारांआडून लोक कान देऊन होते. आज चुकले, तर हैबतीनंतर कोण, हा एकच विचार प्रत्येकाच्या मनात होता. घळीतली पाखरे गप्प झाली. बिबट्या बाहेर आला. दगडावर पाय टेकून तो थांबला आणि त्याने झाडाकडे पाहिले. धर्माजीने श्वास धरला. नळी त्याच्यावरच रोखलेली होती आणि तिच्यावर ऊन पडलेले होते. पण ऊन तिच्यात विरून गेले. बिबट्याला झाडात झाडच दिसले. त्याने मान खाली घातली आणि पाऊल पुढे टाकले.

बंदुकीचा बार डोंगरात दोनदा घुमला आणि बिबट्या जागीच लोळला. थोड्या वेळाने गावातले पहिले दार उघडले.

दसऱ्याला राजा शस्त्रे पाहत ओळीने निघाला. धर्माजीपाशी येताच कारभारी संतापला. "सरकारांनी दिलेल्या भेटीची ही दशा? धुणीभांडी केलीस काय हिने?"

राजाने त्याला हाताने थांबवले आणि धर्माजीकडे पाहिले.

धर्माजी म्हणाला, "सरकार, हिची चमक होती तोवर बिबट्याला मी दिसत होतो. मी गावाला सांगितलं, वारा फिरला. वारा फिरला नव्हता. त्यात हैबती गेला."

राजाने त्या मळक्या नळीवरून बोट फिरवले. मग तो पुढे गेला. रीत ती रीत. पालखीपुढे त्या वर्षी दुसऱ्याची तलवार चालली. धर्माजी बापासारखा, आजासारखा मागे, धुळीतून चालला.

सीमोल्लंघन करून लोक परतले आणि घरोघर आपट्याची पाने वाटू लागले. मयताच्या घरातून त्या वर्षी सोने देत नाहीत. म्हणून भागाईचे दार लोटलेले होते. धर्माजी खाली मान घालून त्यावरून जाऊ लागला, तेव्हा ते उघडले. म्हातारी उंबऱ्याबाहेर आली आणि तिने आपट्याचे एक पान त्याच्या बंदुकीच्या नळीवर ठेवले.

"सोनं घे, धर्मा," ती म्हणाली. "हे हैबतीच्या वाटचं."

गुळगुळीत नळीवरून पान घसरले असते. खरखरीत नळीवर ते घरापर्यंत टिकले.

तात्पर्य: जी चमक कामाच्या आड येते ती मानाची असली तरी आपल्या हाताने उतरवावी; आपली चूक वाऱ्याच्या माथी मारली, तर तिचे मोल दुसऱ्याच्या घराला द्यावे लागते.